पहिल्या ठोक्यानंतर

हृदय-प्रत्यारोपणाविषयी जे काही लिहिले, दाखवले आणि शिकवले जाते ते बहुतांशी एका ठरावीक क्षणी थांबते. दात्याचे हृदय रुग्णाच्या छातीत शिवून झालेले असते, महारोहिणीवरचा चिमटा काढला जातो, थंड पडलेला स्नायू क्षणभर थरथरतो आणि ठोका पडतो. इथे कादंबरी मिटते, चित्रपटाचे पार्श्वसंगीत चढते आणि बातमीदार डॉक्टरांचे अभिनंदन करून कार्यालयाकडे निघतो. आमचा आक्षेप या थांबण्याला आहे. तो वैद्यकीय आक्षेप नाही, आकृतिबंधाविषयीचा आहे. आणि गोष्ट कुठे थांबवायची हे ठरवताना कोणाचे ऐकायचे आणि कोणाचे ऐकायचे नाही हेही आपण ठरवून टाकत असतो, एवढे तरी साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगावे लागू नये.

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय-प्रत्यारोपण केले, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून शाळकरी मुलालाही ठाऊक असते. रुग्ण लुई वॉशकान्स्की १८ दिवस जगले आणि २१ डिसेंबरला न्यूमोनियाने गेले. नवे हृदय शेवटपर्यंत आपले काम करत होते. शरीराने ते नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी फुप्फुसांचे रक्षण करणारी शक्तीच काढून घेतली होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्ष-किरण चित्रातली फुप्फुसांवरची सावली प्रथम जंतुसंसर्गाची न मानता नकाराची खूण मानली गेली, आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे वाढवण्यात आली. वाचन चुकले, आणि त्या चुकीच्या वाचनाची किंमत एका माणसाने दिली. वाचनाच्या शक्यता, संहितेची अनिश्चितता यांवर आपण वर्गात तासन् तास बोलतो; पण इथे ज्या अनिश्चिततेने माणूस गेला तिचा उल्लेख आम्हांला कुठल्या साहित्यचर्चेत आढळलेला नाही. बर्नार्ड यांच्या 'वन लाइफ' या १९६९च्या आत्मचरित्रात ते १८ दिवस येतात, परंतु ते शल्यविशारदाचे १८ दिवस आहेत. खाटेवरच्या माणसाचे दिवस निराळे मोजावे लागतात.

जाता जाता एक गोष्ट मराठीपुरती. आपल्या बातम्यांत डॉक्टर नेहमी 'यांनी' असतात आणि रुग्ण 'त्याला' असतो. डॉक्टरांनी त्याला जीवदान दिले. आदरार्थी बहुवचनाची ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की व्याकरणाच्या तासालाही ती कोणाला खटकत नाही.

फ्रेंच लेखिका मेलिस द केरांगाल यांची २०१४ची 'रेपारे ले विवाँ' ही कादंबरी इंग्रजी अनुवादातून आपल्याकडे पोचली आहे. कादंबरी चोवीस तासांत आटोपते. पहाटे समुद्रात लाटांवर खेळायला गेलेला सिमॉन अपघातात मेंदूमृत होतो आणि त्याचे हृदय क्लेर नावाच्या स्त्रीच्या छातीत बसवले जाते. लेखिकेचे वाक्य लांब, श्वास रोखून धरणारे आहे. दात्याच्या आईवडिलांना विचारणाऱ्या समन्वयकाची व्यक्तिरेखा तर अपूर्व आहे. हे सगळे आम्हांला मान्य आहे. पण चोवीस तासांचा हा घट्ट विणलेला काळ ज्याचे कौतुक समीक्षक करतात, तोच आमच्या मते या कादंबरीचा पळपुटेपणा आहे. क्लेर व्यवसायाने अनुवादक आहे. अनुवादकाचे काम मूळ संहिता संपल्यावर सुरू होते हे ज्या लेखिकेला नक्की कळत असेल, तिने क्लेरला शस्त्रक्रियेच्या टेबलावर सोडून निघून जावे, याला काय म्हणावे? क्लेर आठव्या दिवशी कशी होती? आठव्या महिन्यात? आठव्या वर्षी?

'ट्रॅफिक' या २०११च्या मल्याळम चित्रपटाने (२०१६मध्ये तो हिंदीतही आला) हाच क्षण रस्त्यावर आणला. तिथे नायक रस्ता आहे आणि खलनायक घड्याळ. त्यानंतर आपली वृत्तपत्रे 'ग्रीन कॉरिडॉर'च्या प्रेमात पडली. इतके किलोमीटर अंतर इतक्या मिनिटांत पार. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय साधारण चार तासांत पुन्हा सुरू व्हावे लागते, त्यामुळे वाहतूक पोलिसांची ही धावपळ निरर्थक आहे असे कोणी म्हणणार नाही. पण त्या चार तासांसाठी आपल्याकडे इतके शब्द असावेत आणि पुढच्या बारा वर्षांसाठी एकही नसावा, हे प्रमाण विचार करण्यासारखे आहे.

पुढे काय होते? रुग्ण अतिदक्षता विभागात जागा होतो तेव्हा घशात नळी असते, बोलता येत नाही. छातीचे हाड तारांनी बांधलेले असते, बरगड्यांखालून रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या निघालेल्या असतात. भेटायला येणारे मास्क लावून येतात, म्हणजे ओळखीच्या चेहऱ्यांतले फक्त डोळे उरतात. दिवसरात्रीचा हिशेब दिव्यांवरून कळेनासा होतो, तो परिचारिकांच्या पाळ्या बदलण्यावरून ठेवावा लागतो. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने झोप उडते, काहींना भास होतात, चेहरा सुजून गोल होतो आणि आरशातला माणूस परका वाटतो. टॅक्रोलिमसने हात थरथरतो. सही जुळत नाही म्हणून बँकेत अडचण होते, ही गोष्ट कुठल्याही शोकांतिकेत बसत नाही. मग बायॉप्सी सुरू होतात. पहिल्या महिन्यात बहुधा दर आठवड्याला, पुढे अंतर वाढवत. मानेच्या उजव्या बाजूला सुन्न करणारे इंजेक्शन, शिरेतून हृदयापर्यंत जाणारी तार, तिच्या टोकाला चिमटा, आणि त्या चिमट्याने हृदयाच्या आतल्या भिंतीचे तांदळाच्या कणीएवढे काही तुकडे. रुग्ण जागा असतो. पहिल्या वर्षात हे दहा-बारा वेळा होते. प्रत्येक वेळी तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली जातात आणि नकाराची श्रेणी ठरून कागद येतो. तो कागद येईपर्यंतचे दोन दिवस ज्याने काढले त्याला 'प्रतीक्षा' या आपल्या आधुनिकतावादी संकल्पनेविषयी आपल्याहून अधिक सांगता येईल, अशी आमची खात्री आहे.

आता खुद्द त्या हृदयाकडे वळू, कारण आमच्या भाषेचा खरा पेच तिथे आहे. दात्याच्या शरीरातून हृदय काढताना त्याच्या मज्जा कापल्या जातात आणि त्या पुन्हा जोडता येत नाहीत. रक्तवाहिन्या शिवता येतात, मज्जा नाही. त्यामुळे रोपलेले हृदय मेंदूशी संबंध तुटलेल्या अवस्थेत धडधडते. त्याला आवरून धरणारी मज्जाही तुटलेली असल्याने विश्रांतीतही ते मिनिटाला ९० ते १०० ठोक्यांनी चालते. जिना चढू लागलात तर ते ताबडतोब वेग घेत नाही; रक्तातून संप्रेरके पोचेपर्यंत काही मिनिटे जातात. थांबलात तरी ते लगेच थांबत नाही. काही रुग्णांत वर्षांनंतर थोड्या मज्जा परत वाढतात, पण त्या अपुऱ्या.

याचा अर्थ काय होतो पाहा. दारावर अचानक थाप पडली, वाईट बातमीचा फोन आला, तर या माणसाच्या काळजात धस्स होत नाही. निदान त्या क्षणी नाही. मन घाबरते आणि छाती शांत असते. मन सावरते आणि मग छाती धडधडू लागते. काळजाचा ठोका चुकणे, काळजाचे पाणी होणे, हृदयाला भिडणे, ऊर भरून येणे हे आपले सारे भांडवल या शरीरात उशिरा पोचते. (काळीज हा शब्द आपण बेधडक हृदय म्हणून वापरतो, पण खाटकाच्या दुकानातली कलेजी यकृत असते हेही आपल्याला माहीत असतेच. भाषेचे शरीरशास्त्र पूर्वीपासून ढिले आहे.) त्यातही एक विलक्षण गोष्ट अशी की, नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी बसवलेल्या जुन्या शस्त्रक्रियापद्धतीत रुग्णाच्या मूळ हृदयाच्या वरच्या कप्प्यांची मागची भिंत तशीच ठेवली जात असे. त्या उरलेल्या भिंतीत मूळ हृदयाची स्पंदने सुरू करणारी गाठ असते आणि तिच्या मज्जा शाबूत असतात. हृदयालेखावर कधी कधी दोन वेगवेगळ्या तालांच्या खुणा दिसतात, एक नव्या हृदयाची, एक जुन्याच्या अवशेषाची. भय वाटले तर जुना अवशेष तत्क्षणी वेग घेतो, पण त्याची हाक टाक्यांच्या रेषेपलीकडे जात नाही. अशी प्रतिमा एखाद्या कवीने कल्पिली असती तर आपण तिच्यावर प्रबंध लिहून घेतले असते. ती कल्पिलेली नाही म्हणून ती आपल्या कामाची नाही, असे दिसते.

मज्जा नाहीत म्हणून वेदनाही नाही. रोपलेल्या हृदयाच्या रक्तवाहिन्या काही वर्षांनी आतून जाड होत जातात. दीर्घकालीन मृत्यूंचे ते एक मोठे कारण आहे. सामान्य माणसाला अशा वेळी छातीत कळ येते. इथे बहुधा येत नाही. शरीर जे सांगत नाही ते तपासणीला सांगावे लागते. फिलिप ब्लाइबर्ग या केपटाउनच्या दंतवैद्यांवर २ जानेवारी १९६८ रोजी बर्नार्ड यांनी दुसरे प्रत्यारोपण केले. ते १९ महिने जगले आणि ऑगस्ट १९६९मध्ये गेले. शवविच्छेदनात दिसले की अवघ्या २४ वर्षांच्या तरुणाकडून आलेल्या त्या हृदयाच्या रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसाच्या असाव्यात तशा झाल्या होत्या. समुद्राच्या पाण्यात खेळणाऱ्या ब्लाइबर्ग यांची छायाचित्रे जगभर छापली गेली होती. शवविच्छेदनाचा अहवाल अर्थात वैद्यकीय नियतकालिकातच राहिला.

त्या तरुणाचे नाव क्लाइव्ह हॉप्ट. वर्णभेदी कायद्याच्या भाषेत 'कलर्ड'. नववर्षदिनी समुद्रकिनाऱ्यावर मेंदूतील रक्तस्रावाने तो कोसळला. ज्या देशात किनारेही वर्णांप्रमाणे वाटून दिले होते, त्या देशात हॉप्टचे हृदय आता हॉप्टला मज्जाव असलेल्या ठिकाणी जाऊ शकत होते, ही विसंगती त्या काळीच लोकांनी बोलून दाखवली होती. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतील रिचमंड येथे ब्रूस टकर या कृष्णवर्णीय कामगाराचे हृदय नातलगांची संमती न घेता काढण्यात आले. अंत्यसंस्काराची तयारी करणाऱ्याकडून भावाला ते कळले. खटला झाला आणि १९७२मध्ये ज्यूरीने डॉक्टरांच्या बाजूने कौल दिला. कोण टिकले या प्रश्नाला कोणाच्या हृदयावर टिकले हा प्रश्न असा पहिल्या वर्षापासून चिकटलेला आहे. त्याचे आपण काय केले? 'दिल ने जिसे अपना कहा' केले. २००४च्या या हिंदी चित्रपटात मृत पत्नीचे हृदय मिळालेली तरुणी त्याच पुरुषाच्या प्रेमात पडते. त्याआधी १९९७मध्ये अमेरिकेत क्लेअर सिल्व्हिया यांचे आत्मकथन आले होते. हृदय व फुप्फुसे मिळाल्यावर आपल्याला दात्याच्या आवडीनिवडी लागल्या असा त्यांचा दावा होता. एका रुग्णाचा अनुभव म्हणून आम्ही त्याची टर उडवणार नाही. परंतु हृदयात स्मृती असते, हृदय प्रेम ओळखते असल्या कल्पनांनी दात्याची जी बोळवण केली जाते ती आम्हांला क्रूर वाटते. मेलेल्या माणसाला आपण प्रेमकथेत पुन्हा कामाला लावतो, आणि जिवंत माणसाच्या डोक्यावरचे न फिटणारे ऋण गोड करून टाकतो. समाजशास्त्रज्ञ रेने फॉक्स आणि ज्युडिथ स्वेझी यांनी या ऋणाला देणगीचा जुलूम म्हटले आहे. तो जुलूम कसा असतो हे दात्याच्या आईला पत्र लिहायला बसलेल्या आणि चार ओळींपुढे न सरकलेल्या माणसाला विचारावे.

आकड्यांविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण साहित्याची माणसे आकडे दिसले की पान उलटतात. १९६८ साली जगभर शंभरच्या आसपास हृदय-प्रत्यारोपणे झाली. बहुतेक रुग्ण काही दिवसांत वा आठवड्यांत दगावले आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक केंद्रांनी हात आखडता घेतला. स्टॅनफर्ड येथे शमवे मात्र थांबले नाहीत. १९७३च्या सुमारास तिथेच फिलिप केव्ह्ज यांनी शिरेतून बायॉप्सी घेण्याची रीत बसवली, आणि नकार लक्षणे दिसण्याआधी वाचता येऊ लागला. नॉर्वेतील मातीच्या नमुन्यात सापडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. १९८०च्या अखेरीस ते हृदय-रुग्णांना दिले जाऊ लागले. आज शंभरातील पंचाऐंशीहून अधिक रुग्ण पहिले वर्ष पार करतात आणि जगण्याचा मध्यक बारा-तेरा वर्षांच्या घरात आहे. मध्यक म्हणजे निम्मे त्याआधी जातात, निम्मे त्यानंतर. खाटेवरच्या माणसाला मात्र स्वतःचा निम्मा कोणता हे कोणी सांगू शकत नाही. इंग्लंडमधील जॉन मॅककॅफर्टी यांना १९८२मध्ये हेअरफील्ड रुग्णालयात हृदय मिळाले तेव्हा साधारण पाच वर्षांची आशा देण्यात आली होती. ते ३३ वर्षे जगले, २०१६मध्ये गेले. पाच वर्षांसाठी मांडलेला संसार ३३ वर्षे चालवावा लागणे ही कादंबरीची सामग्री नव्हे काय? सहाव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी माणूस काय करतो?

इथे कोणी ज्याँ-ल्युक नान्सी यांचे नाव घेईल, आणि घ्यावेच. या फ्रेंच तत्त्ववेत्त्याला नव्वदच्या दशकाच्या आरंभी हृदय मिळाले आणि २०००मध्ये त्यांचे 'लँत्र्यू', म्हणजे 'घुसखोर', हे छोटे पुस्तक आले. परक्याच्या आगमनावरील एका विशेषांकासाठी ते मुळात लिहिले गेले होते. आपल्या विद्यापीठांत जिथे कुठे ते वाचले जाते तिथे स्थलांतरित, सीमा, 'स्व' आणि 'इतर' यांचे रूपक म्हणून वाचले जाते. ते तसे आहेही. पण वर्गातली टिपणे चाळली तर त्यात राष्ट्र असते, अस्मिता असते, देरिदा असतो, सायक्लोस्पोरिन नसते. वास्तविक नान्सी स्वतः काय सांगतात? पहिला परका म्हणजे बंद पडत चाललेले त्यांचे स्वतःचे हृदय. मग आले ते दुसऱ्याचे हृदय. मग ते टिकावे म्हणून स्वतःच्या शरीराची ओळख पटवण्याची शक्ती दडपावी लागली, तेव्हा आयुष्यभर अंगात निमूट बसलेले विषाणू उठले. मग त्या औषधांच्या पोटी कर्करोग आला. आपण वीस वर्षे आधी आजारी पडलो असतो तर वाचलोच नसतो, हा निव्वळ कालगणनेचा योगायोगही ते बजावून सांगतात. म्हणजे हे पुस्तक शस्त्रक्रियेवर थांबत नाही, तिथून सुरू होते. आणि आपण ते पुन्हा शस्त्रक्रियेपाशी, त्या 'परक्याच्या प्रवेशा'पाशी, नेऊन बांधतो. सुसान सॉन्टॅग यांनी १९७८मध्ये रोगाला रूपक करण्याविरुद्ध लिहिलेला निबंध आपण याच अभ्यासक्रमात, बहुधा याच सत्रात, शिकवतो. नान्सी २०२१मध्ये ८१व्या वर्षी गेले. सुमारे तीस वर्षे ते परक्या हृदयावर जगले आणि त्यातली वीसहून अधिक या पुस्तकानंतरची आहेत. त्या वर्षांविषयी कुतूहल वाटलेला विद्यार्थी आम्हांला अद्याप भेटायचा आहे, आणि हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे.

मराठीत स्थिती काय आहे? हृदयविकाराविषयीचे आपले सर्वांत वाचले गेलेले पुस्तक म्हणजे डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. वयाच्या ४४व्या वर्षी आलेल्या झटक्याकडे एवढ्या प्रामाणिकपणे पाहणारे दुसरे पुस्तक आपल्याकडे नाही आणि त्याने अनेकांचे जगणे बदलले. आमची तक्रार पुस्तकाशी नाही, त्याने घालून दिलेल्या वळणाशी आहे. त्यानंतर आपल्याकडे प्रत्येक आजाराला साक्षात्कार होऊ लागला. आजार, आत्मपरीक्षण, नवे जीवन. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या वाट्याला असे नवे जीवन येत नाही. एका असाध्य आजाराच्या बदल्यात दुसरा, सांभाळता येण्याजोगा आजार येतो. सकाळी आठ आणि रात्री आठ, दर दिवशी, शेवटपर्यंत गोळ्या. रक्त तपासायच्या दिवशी आधी रक्त द्यायचे, मगच सकाळची गोळी घ्यायची. दर महिन्याला हजारो रुपयांची औषधे. आणि गोळ्या चुकल्या तर केसपेपरवर रुग्ण 'औषधे नियमित घेत नाही' असा शेरा, ज्यात घरी पैसे नव्हते की मन उबगले होते याला जागा नसते. या शेऱ्यातला कर्ता कोण, क्रियापद कोणाचे, हे पाहणे हा आपलाच धंदा आहे.

यावर उत्तर ठरलेले आहे: साहित्य म्हणजे केसपेपर नव्हे. जे क्षण निवडते तेच साहित्य; बारा वर्षांच्या गोळ्यांचे कथानक होत नाही. आम्हांला हे पटत नाही. दुष्काळाचे कथानक होते, गिरणी संपाचे होते, कारकुनाच्या तीस वर्षांच्या नोकरीचे तर आपल्या नवकथेने पुरेपूर केले. पुनरावृत्ती ही कथनाची अडचण आहे असे म्हणणाऱ्याने आपलेच साहित्य वाचलेले नाही. अडचण निराळी आहे. रुग्णालयातला अनुभव सांगण्याचा अधिकार आपण डॉक्टरांकडे सोपवला आहे. डॉक्टरांची आत्मचरित्रे मराठीत उदंड आहेत, काही उत्तमही आहेत, आणि त्यांत रुग्ण एका प्रकरणापुरता येऊन जातो.

मुंबईचेच उदाहरण घ्या. फेब्रुवारी १९६८मध्ये, केपटाउननंतर अडीच महिन्यांच्या आत, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय-प्रत्यारोपण केले. जगातले ते सहावे होते, आणि सेन अशी शस्त्रक्रिया करणारे चौथे शल्यविशारद. रुग्ण सुमारे तीन तास जगला. सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला. तो रुग्ण सुमारे चौदा तास जगला. मेंदूमृत्यूला त्या वेळी आपल्याकडे कायद्याचा आधार नव्हता. तो १९९४च्या कायद्याने आला, आणि पहिल्यांदा तो लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. मुंबईला मात्र २०१५चा ऑगस्ट उजाडावा लागला, पुण्याहून विमानाने आलेले हृदय मुलुंडच्या रुग्णालयात बसवले गेले तेव्हा. मधल्या ४७ वर्षांत डॉ. सेन यांच्यावर लेख आले, गौरव झाला, आणि तो योग्यच होता. वॉशकान्स्की हे नाव आपल्याला पाठ आहे. परळच्या त्या तीन तासांच्या आणि चौदा तासांच्या माणसांची नावे आमच्या वाचकांपैकी किती प्राध्यापक न शोधता सांगू शकतील? ते कुठून आले होते, त्यांना काय सांगण्यात आले होते, त्यांच्या वतीने कागदावर अंगठा कोणी उठवला की सही कोणी केली, बाहेर कोण बसले होते? दलित-ग्रामीण आत्मकथनांच्या अभ्यासात आपण हेच प्रश्न विचारायला शिकलो. ते रुग्णालयाच्या दारात का थांबावेत?

२०१५नंतर महाराष्ट्रात हृदय मिळालेली माणसे आज आपल्या आसपास आहेत. काही लोकलने जातात, काही महाविद्यालयात शिकतात, कदाचित आपल्याच वर्गात, मास्क लावून मागच्या बाकावर. त्यांच्यापैकी कोणी लिहीत असेल तर ते हस्तलिखित संपादकाकडून 'प्रेरणादायी करा' असा शेरा घेऊन परत जाऊ नये.